गच्चीवरची वाडी

२२ जुलै २०१८, तलासरी

रियाने ही वही आणून दिली. तिच्या कंपनीत दिवाळीला फुकट वाटतात त्यातली आहे, वर छापलेल्या तारखा मागच्या वर्षीच्या. मी त्या खोडून नवीन घालते. म्हणाली, "आई, झाडांचं रोज थोडं लिहीत जा. काय लावलं, कधी उगवलं." मी म्हटलं, लिहायला आधी झाडं लागतात. तर मला गच्चीवर घेऊन गेली. तिथे रंगाचे रिकामे डबे, मासळीवाल्याचे थर्माकोलचे खोके, एक फुटकी बादली, सगळं ओळीने मांडून ठेवलेलं.

मग मोबाइलवरून वाचून दाखवलं. शहरात कुंडीत भाजी लावण्याचे फायदे. ताजी भाजी मिळते. स्वयंपाकघरातला कचरा कामी येतो. खालची खोली गार राहते. जागा थोडी लागते, वाकावं लागत नाही. मन शांत होतं. मी म्हटलं, मन माझं शांतच आहे, तलासरी शहर कधी झालं तेवढं सांग. हसली नाही. हल्ली ती हसतच नाही.

ज्या बाईने चिकूची अख्खी वाडी सांभाळली तिने आता डब्यात मेथी लावायची. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. पण पोरीचा जीव रमत असेल तर रमू दे.

रियाचा नवरा गेल्या वर्षी मे महिन्यात गेला. चारोटीच्या अलीकडे, हायवेवर, मोटारसायकल ट्रकखाली आली. रियाचा नवरा म्हणजे माझाच मुलगा. तेराव्यानंतर सगळे आपापल्या घरी गेले, मी इथे तिच्याकडे राहिले. अठ्ठावीस वर्षांची पोर एकटी फ्लॅटमध्ये कशी राहील? तेव्हापासून नरपडला, आमच्या गावी, पाऊल टाकलेलं नाही. वाडी धाकटे दीर बघतात, सदू भावजी. मला काही त्रास नाही. जेवते, झोपते. रडूही आलं नाही कधी. बायका मागे बोलल्या, कुसुम दगड झाली. नाही येत तर काय मिरची लावून घेऊ डोळ्याला?

२९ जुलै

मेथी आणि मिरची लावली. रियाच्या ऑफिसातला मनिष नावाचा मुलगा मातीच्या गोण्या घेऊन आला. लिफ्ट नाही, तीन जिने आणि वर गच्ची, दोन फेऱ्या मारल्या त्याने. घामाने निथळत होता, तरी "काकी, अजून काही आणू का?" म्हणून विचारत होता. त्याला बागेची फार आवड आहे म्हणतो.

आवड असेल, पण अक्कल नाही. मिरचीचं रोप त्याने काळ्या पिशवीसकट मातीत पुरलं. मी म्हटलं, अरे बाबा, मूल अंगडं-टोपडं घालून आंघोळीला बसवतात का? पिशवी फाड. लाजला. रिया दुसरीकडे तोंड करून उभी होती.

१४ ऑगस्ट

मेथी उगवली. बाकी काही नाही.

२ सप्टेंबर

जेवताना रियाने सांगितलं. त्यांच्या कंपनीचा नवा कारखाना पुण्याला चाकणला होतोय. तिथल्या लॅबची मुख्य म्हणून हिला बोलावत आहेत. साहेबांना ती नाही म्हणून आली. मी विचारलं, का गं? म्हणाली, "मग झाडांचं काय, आई?"

मी म्हटलं, बरं केलंस. अनोळखी गावात एकटी राहून करणार काय? इथे निदान मी आहे. साहेबांनी मार्चपर्यंत विचार कर म्हटलंय, पण हिचं नाही म्हणजे नाही. चार डब्यांची मेथी आणि पोर चांगली नोकरी सोडते. इतकी झाडांची माया असेल असं वाटलं नव्हतं.

मनिष जातोय तिकडे, दिवाळीनंतर. मी म्हटलं, त्याच्या बागेचं काय होईल मग? रिया म्हणाली, त्याच्याकडे बाग नाही. मग ती आवड तो ठेवतो कुठे?

२० सप्टेंबर

गौरी-गणपती आटोपून सदू भावजी आले. टेम्पोतून एक चिकूचं झाड आणलं, निळ्या अर्ध्या ड्रममध्ये लावलेलं, कमरेएवढं. माणसं लावून गच्चीवर चढवलं. गच्चीखालच्या फ्लॅटातले चिमणभाई, बिल्डिंगचे सेक्रेटरी, दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "कुसुमबेन, आता हत्ती बाकी राहिला."

भावजींनी पिशवीत खिरणीचं रोपही आणलं होतं. मला न विचारता खिशातून चाकू काढून पुढे केला. म्हणजे भेट कलम बांधायचं. खिरणीची मुळं चिवट, तिच्या अंगावर चिकू चढवतात. रोपाची कुंडी ड्रमला टेकवून उंच ठेवायची, दोघांची साल थोडी थोडी काढायची आणि अंगाला अंग लावून सुतळीने बांधायचं. दोघंही आपापल्या मुळांवर. अडीच-तीन महिन्यांत जुळतात, मग चिकूची फांदी आईपासून कापायची. हे मी लग्न होऊन आले त्या वर्षी शिकले. बांधताना हात चालला, बाकी मी कुठे होते देव जाणे.

रिया बघत होती. विचारलं, "आई, पुण्यात चिकू येतो का?" मी म्हटलं, येतो, पण खारं वारं नाही, आपली गोडी नाही यायची. उगाच काहीतरी विचारते.

भावजी म्हणाले, "वहिनी, एकदा चला घरी." मी म्हटलं, रियाचं कसं होईल? ते चहा पिऊन गेले.

९ ऑक्टोबर

वांग्याची पानं पिवळी पडली. डब्यातल्या मातीत जीव किती असणार! भावजींना फोन करून नरपडहून सुक्या मासळीचा चुरा मागवला. आमच्याकडे वाडीत तोच घालतात, झाडं काळीभोर होतात. आज सगळ्या डब्यांत मूठ मूठ घातला आणि वर भरपूर पाणी दिलं.

१० ऑक्टोबर

शोभा झाली.

आज घटस्थापना, आणि चिमणभाईंकडे आजपासून गच्चीवर गरबा. आणि घरात कांदा-लसूणही शिजत नाही त्यांच्या. सकाळी त्यांची बायको तुळशीबेन रांगोळी घालायला वर गेली आणि पदर नाकाला लावून खाली आली. गच्चीवर गावातले सगळे कावळे आणि मांजरं. एक मांजर मिरचीचा डबा उकरून त्यात बसलेलं. चिमणभाई आमच्या दारात: "बेन, आ शुं? नवरात्रात माताजीला मच्छीचा धूप?" वाडीत चारी बाजूंनी वारा असतो, डोक्यावर कोणी राहत नाही आणि पायाखाली चिमणभाई राहत नाहीत.

रियाने सुट्टी टाकली. आम्ही दोघींनी वरची माती खरवडून गोणीत भरली, गच्ची धुतली, कडुलिंबाचा पाला पसरला. तिने सगळ्यांच्या दारात जाऊन माफी मागितली.

मला एकाच गोष्टीचं नवल वाटतं. आज घट बसायचे हे मला आठवलंच नाही. इतकी वर्षं बसवले.

संध्याकाळी रिया जिन्यात फोनवर कोणाला तरी हे सगळं सांगत होती. "अरे, मांजर डब्यात!" म्हणून हसत होती. किती दिवसांनी ऐकलं. ऑफिसातलं कोणीतरी असेल.

१३ नोव्हेंबर

मनिष निरोप घ्यायला आला. पाया पडला. एखादं झाड द्याल का म्हणाला. गवती चहा दिला, म्हटलं हा मारून मरत नाही, तरी तू प्रयत्न करशील. रिया त्याला खाली गाडीपर्यंत सोडायला गेली आणि बऱ्याच वेळाने आली. डोळे लाल. म्हणाली, हायवेची धूळ.

दोन दिवसांपूर्वी भांडी वाजली होती मांडणीवर. ट्रक गेला असं वाटलं. आज बाजारात कळलं भूकंप होता, डहाणू-तलासरीकडेच जमिनीखाली काही चाललंय. असेल.

१६ डिसेंबर

वांगी लागली. छोटी, जांभळी, काटेरी देठाची. तुळशीबेनला वाटीभर नेऊन दिली, नवरात्रापासून बोलत नव्हती. घेतली. संध्याकाळी वाटीत गुळाची सुखडी घालून परत पाठवली. म्हणजे भांडण मिटलं. मोबाइलवाल्याने हा फायदा लिहिला नव्हता.

कलम जुळलंय. कापायला हवं. बघू.

५ जानेवारी २०१९

रियाला झाडांनी बरं केलं म्हणायचं. रोज ऑफिसातून आली की पाणी घालायला वर जाते ती तासाने खाली येते. फोन कानालाच असतो, पण हात काम करत असतील. चेहरा उजळला आहे. मी पुण्य करते आहे असं वाटतं कधी कधी, तिच्याबरोबर राहून. नाहीतर कोलमडली असती.

सकाळचं पाणी माझ्याकडे. रिया निघताना रोज सांगून जाते, आई, पाणी विसरू नका, टोमॅटो सुकतील. मग उठावंच लागतं. पाणी नसतं तर दुपारपर्यंत पडून राहिले असते. कामच काय आहे दुसरं.

कलम कापायचं राहिलं आहे.

२१ जानेवारी

काल पुन्हा हादरा. जिना झाडायला येते त्या भिकीच्या पाड्यावर घरांना भेगा पडल्या. म्हणाली, "बाई, भिंतीत माझा हात जातो." लेकरं घेऊन शेतात ताडपत्रीखाली झोपते, थंडीत. तिला दोन चादरी आणि मेथीची जुडी दिली. मला भीती वाटत नाही. का वाटत नाही ठाऊक नाही, पण नाही वाटत.

२ फेब्रुवारी

काल सकाळपासून हादरे बसत होते, दुपारचा मोठा होता. मी गच्चीवर होते. पाण्याच्या टाकीत लाटा उठल्या, मिरचीचा डबा कठड्यावरून आत पडला. खाली लोक ओरडत पळत होते. चिमणभाई बनियनवर, देवाचा फोटो काखेत. मी डबा उभा केला, सांडलेली माती भरत बसले. खाली जावंसं वाटलं नाही. पुन्हा हललं तेव्हाही बसूनच होते. बिल्डिंग पडली तर पडली, असं काहीतरी मनात आलं आणि गेलं.

रिया कंपनीतून स्कूटरवर सुटली होती. खालच्या गर्दीत मी नाही बघून सगळे जिने पळत वर आली. मला बघितलं आणि किंचाळली, "तुम्ही इथे काय करताय? खाली का नाही आलात?" मी म्हटलं, अगं, माती सांडली होती. तिने माझ्या हातातला डबा घेऊन फेकला. मग मला इतकं घट्ट धरलं की श्वास कोंडला. "तुम्हाला काही झालं असतं तर मी काय करायचं होतं?"

इतकी चिडण्यासारखं काय होतं कळलं नाही. मिरची मात्र गेली.

१० फेब्रुवारी

चिमणभाई हात जोडून आले. सोसायटीने ठरवलंय, महिनाअखेरपर्यंत गच्चीवरचं सगळं वजन उतरवायचं. "बेन, वांगी तुमची साकर आहेत. पण छत माझ्या माथ्यावर छे." बरोबरच आहे. मी म्हटलं, नेऊ.

रिया मात्र भांडली. जिन्यात उभी राहून, आवाज चढवून. निदान चार डबे ठेवू द्या, निदान कोपऱ्यातले, आईंना ते लागतात. चिमणभाई गोंधळले. मी तिला आत ओढलं. म्हटलं, मला कुठे लागतात? तुला लागतात. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

२४ फेब्रुवारी

सदू भावजी टेम्पो घेऊन आले. डबे, खोके, बादल्या, सगळं उतरवलं. ड्रमपाशी आले तसे थांबले. कलमाला हात लावून बघितलं.

"वहिनी, हे अजून बांधलेलं?"

"राहून गेलं."

"सुतळी सालीत रुतलीय. डिसेंबरातच कापायला हवं होतं." माझ्याकडे बघत म्हणाले, "हे तुम्हाला मी सांगायचं?"

खरंच होतं. सुतळी दिसतही नव्हती, साल तिच्यावरून फुगून आली होती. नरपडला कोणा गड्याने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर फैलावर घेतलं असतं. आता कापलं तर जगेल का, मी विचारलं. भावजी म्हणाले, कापल्याशिवाय कसं कळणार. पद्धत अशी की आधी अर्धी खाच द्यायची आणि पंधरा दिवसांनी पुरतं कापायचं. पण टेम्पो खाली उभा होता. मी चाकू घेतला आणि एकदाच कापलं.

ते रोप रियाने ठेवून घेतलं. बाकी सगळं नरपडला गेलं. गच्ची धुऊन घेतली. मोठी दिसते.

२५ फेब्रुवारी

आज सकाळी उठले नाही. पाणी कशाला घालायचं? रिया ऑफिसला गेली आणि अर्ध्या तासात परत आली. मी पलंगावरच होते. ती बुटांसकट शेजारी बसली.

मी म्हटलं, "आता झाडं गेली. आता चाकणला जायला काय हरकत आहे?"

"आणि तुम्ही?"

"माझं काय? मी तुझ्यासाठी राहिलेय इथे."

तिने पायातले बूट काढले. मग हळू म्हणाली, "आई, मी तुमच्यासाठी राहिलेय."

मी उठून बसले.

म्हणाली, "मेथी सोडली तर मला एक पान ओळखता येत नाही. तुम्ही दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. पाणी घालायला तरी उठाल म्हणून मांडले ते डबे. आणि त्या दिवशी एवढं हललं, तरी तुम्ही वर बसून राहिलात. तुम्हाला सोडून जाऊ कशी मी?"

"माती सांडली होती म्हणून."

"आई."

मी म्हटलं, बरं. खाली यावंसं वाटलं नाही.

म्हणजे मी हिला सांभाळत होते आणि ही मला. दोन आंधळ्या एकमेकींना रस्ता ओलांडून देत होत्या. मला राग आला. कोणाचा ते कळेना. मी म्हटलं, "त्या मनिषला तरी आवड होती ना बागेची? का तेही नाटक?"

रिया लाल झाली, उठून गॅसवर काही नसताना गॅस बघायला गेली.

त्याने रोप पिशवीसकट पुरलं, तेव्हाच कळायला हवं होतं मला. तीन जिने गोण्या वाहणारा माणूस मेथीसाठी वाहत नाही.

ती परत येऊन बसली. मग मी सांगितलं, मी नरपडला जाते, तू चाकणला जा. ती म्हणाली, "तिकडे हादरा आला तर पळाल?" पळेन म्हटलं. "शपथ?" शपथ. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. मला नाही आलं रडू.

१ मार्च

सकाळी पुन्हा मोठा हादरा. मी जिना उतरले. चपला घातल्या नाहीत. खाली जाऊन रियाला फोन केला, म्हटलं उतरले गं. तुळशीबेनने मला तिची एक चप्पल दिली, एक तिच्याच पायात राहिली. सगळे हसले.

३० मार्च

रिया गेली. मनिष गाडी घेऊन आला होता. सामान, माझं बोचकं आणि ते कलम, तिने मांडीवर धरलेलं. कलमाला नवीन पान आलंय. मला चारोटीला सोडणार होते, तिथून भावजी.

चारोटीच्या अलीकडे ती जागा येते. मनिषने गाडी हळू केली, त्याला माहीत होतं. रियाने डोळे मिटून घेतले. मी बघितलं. रस्ता आहे नुसता, कडेला रसवंती झाली आहे एक.

उतरल्यावर मनिष वाकला. मी त्याला म्हटलं, कुंडीला पाणी बोट घालून बघून द्यायचं, ओलं असेल तर नाही. म्हणाला, "हो काकी." रिया गाडीतून उतरून परत एकदा आली, माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला. गेली.

१ एप्रिल, नरपड

घर झाडलं. विहिरीचं पाणी गोडच आहे. आतल्या खोलीचं दार उघडलं नाही.

९ एप्रिल

डबे अंगणात मांडलेत. सदू भावजी हसतात, सभोवती वाडी आणि वहिनी बादलीत टोमॅटो लावतात. मी म्हटलं, ते माझे आहेत, हात लावू नका. परसातून कोथिंबीर तोडायला जमिनीवर वाकावं लागतं, डब्यातली उभ्याने येते. गुडघ्यांना कळतं. त्या मोबाइलवाल्याचं इतकं खरं होतं.

रिया रोज फोन करते. चाकणला उन्हाळा कडक आहे, कंपनीची खोली बरी आहे, वरण कसं फोडणीला देऊ. मी सांगते. उरलेला वेळ काही वाटत नाही.

१९ एप्रिल

दुपारी रियाचा फोन आला. रोज संध्याकाळी येतो. आवाज वेगळा होता. म्हणाली, "आई, एक विचारायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही." मी म्हटलं, विचार.

"मनिषने विचारलंय. मी त्याला सांगितलं, आधी आईंना विचारते. माझ्या आई-बाबांना अजून सांगितलं नाही."

मी पायरीवर बसले होते, पुढ्यात शेंगांची परडी. मी विचारलं, "तुला हवाय तो?" ती म्हणाली, "हो." आणि घाईने, "पण आई, मी त्यांना विसरले नाही, कधीच..." मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, "कोणी विसर म्हटलंय? हो म्हण. आई-बाबांना मी फोन करते. आणि लग्नाला मी येणार, मला मागे बसवायचं नाही." ती रडायला लागली, मी तिला म्हटलं, कामावर आहेस, तोंड धू. फोन ठेवला.

शेंगा निवडायला घेतल्या. दोन-चार निवडल्या असतील. आणि मग काय झालं कळलं नाही, उठून आतल्या खोलीचं दार उघडलं. त्याचा शर्ट खुंटीला होता. लग्नाआधीचा, बाही फाटलेली, शिवून दे म्हणून टाकून गेला होता आणि मी शिवला नव्हता. मी तो काढून तोंडाशी धरला. त्यात त्याचा वास नव्हता, नुसती धूळ होती. मला माझा मुलगा हवा होता. रियाचा नवरा नाही, माझा मुलगा. इतकंच हवं होतं, आणि ते कधीच मिळणार नव्हतं. मी कशी ओरडले मला माहीत नाही, पण आवाज वाडीत गेला असणार, कारण सदू भावजी हातातलं टाकून धावत आले.

"वहिनी, काय झालं? पडलात का?"

मी म्हटलं, "भावजी, विपुल गेला हो."

भावजींनी डोक्याचा रुमाल काढला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले.